सेन्सरवरचा आळ

गाडीचे स्टिअरिंग एकाएकी जड झाले आणि समोरच्या मीटरवर स्टिअरिंगच्या चित्राचा दिवा लागला, की देऊळघाटपासून बुलढाण्याच्या गॅरेजांपर्यंत एकच निदान कानावर येते : सेन्सर गेला. उपचारही ठरलेला असतो. इथे काही होणार नाही, मोठ्या शहरात कंपनीत न्या, अख्खे युनिट बदलावे लागेल. शेवटी कुणीतरी उसासा टाकतो की जुन्या गाड्याच बऱ्या होत्या, हाताला जड असायच्या, पण दगा देत नव्हत्या. गाडीमालक, ड्रायव्हर, रस्त्याकडेचा मिस्त्री आणि कंपनीचा सर्व्हिस सल्लागार हे एरवी एकमेकांवर फारसा विश्वास न ठेवणारे लोक या एका बाबतीत मात्र एकमताने बोलतात. हे मत निदानात चुकते, उपचारात चुकते आणि जुन्याच्या गौरवातही चुकते, असे माझे म्हणणे आहे. त्यातली निदानातली चूक सर्वांत महागाची आहे, म्हणून माझा भरही तिच्यावरच राहील.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडणे हा वादातला अप्रामाणिकपणा असतो. तेव्हा तो पूर्ण बळानिशी मांडतो. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग असलेल्या गाडीत टॉर्क सेन्सर हा स्टिअरिंग कॉलमच्या किंवा रॅकच्या पोटात बसवलेला असतो. बहुतेक कंपन्या तो सुटा विकत नाहीत. त्याच्यापर्यंत पोचायचे तर कॉलम उतरवावा लागतो, आणि त्याच कॉलमच्या डोक्यावर एअरबॅग असते. नवा भाग बसवला की त्याला सरळ म्हणजे काय हे शिकवावे लागते, त्यासाठी कंपनीच्या दर्जाचा स्कॅनर लागतो. शिवाय हा भाग जिवाशी खेळणारा. राजूर घाटाच्या वळणात, मागे भरलेला ट्रक असताना, स्टिअरिंगची मदत मध्येच सुटली तर काय होईल, हे मलकापूरकडे नेहमी जाणाऱ्या माणसाला सांगायला नको. म्हणून कंपनी म्हणते, जोखीम नको, पूर्ण भाग बदला. गावचा मिस्त्री म्हणतो, माझ्याकडे यंत्र नाही. मालक म्हणतो, पैसे गेले तरी चालतील.

यातले प्रत्येक विधान सुटे घेतले तर खरे आहे. पण ही सगळी विधाने ज्या पायावर उभी आहेत, तो पाया कुणी तपासला? सेन्सरच बिघडला आहे, हे ठरवले कोणत्या प्रमाणाने? उत्तर बहुतेक वेळा एकच मिळते : स्कॅनरवर तसा कोड आला.

कोड कुठून येतो हे कळण्यासाठी कॉलमच्या पोटात डोकावावे लागेल. चालकाच्या हातातले चाक आणि खाली रॅककडे जाणारा दांडा यांच्या मध्ये एक बारीक पोलादी कांडी असते, तिला टॉर्शन बार म्हणतात. आपण चाक वळवतो तेव्हा खाली टायर रस्त्याला धरून बसलेले असतात, त्यामुळे या कांडीला किंचित पीळ बसतो. हाताचा जोर जितका, तितका पीळ. टॉर्क सेन्सरचे काम एवढेच, की हा पीळ मोजायचा. जुन्या बनावटीत कार्बनच्या पट्टीवरून घासत जाणारा काटा ते मोजत असे. आता चुंबकाच्या साहाय्याने, कुठेही न घासता मोजतात. मोजलेला पीळ विजेच्या दाबाच्या रूपाने कंट्रोलरकडे जातो. कंट्रोलर मग गाडीचा वेग पाहतो, इंजिन चालू आहे का ते पाहतो, बॅटरीचा दाब पुरेसा आहे का ते पाहतो, आणि मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवतो. गाडी उभी असेल किंवा हळू असेल तेव्हा मदत भरपूर. वेग वाढला की मदत कमी, म्हणजे स्टिअरिंग हाताला घट्ट लागावे.

हा सेन्सर एक आकडा देत नाही, दोन देतो. जुन्या-मधल्या पिढीच्या पुष्कळ गाड्यांत चाक मोकळे सोडले की दोन्ही तारांवर अडीच व्होल्टच्या आसपास दाब दिसतो. एका बाजूला जोर लावला की एक आकडा चढतो आणि दुसरा तितकाच उतरतो. बेरीज पाचाच्या जवळपास कायम राहते. कंट्रोलर सतत हा ताळा घेत असतो. ताळा चुकला की तो मोटरची मदत काढून घेतो, दिवा लावतो आणि एक कोड नोंदवतो. ही पोरखेळाची व्यवस्था नाही. चुकीच्या आकड्यावर विश्वास ठेवून मोटर चालली, तर चालकाच्या मनात नसताना गाडी वळेल. मदत नसलेले स्टिअरिंग जड असते, पण चालकाच्या ताब्यात असते, कारण हातातल्या चाकापासून टायरपर्यंत लोखंडाची जोडणी अखंडच असते. म्हणजे दिवा लागून आलेला जडपणा हा मूळ बिघाड नव्हे. कुठेतरी शंका आल्यावर यंत्राने घेतलेली ती खबरदारी आहे. शंका कशाची, हे शोधणे बाकीच असते.

इथे आपल्या न्यायशास्त्राची आठवण येते. धूर दिसला की अग्नी आहे असे अनुमान करता येते, कारण अग्नीवाचून धूर नसतो. पण उलट, अग्नी दिसला म्हणून धूर असणारच असे म्हणता येत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. ओले इंधन असेल तरच धूर. नैयायिक या ओल्या इंधनाला उपाधी म्हणतात, आणि उपाधी लपलेली असली की अनुमान कोसळते. टॉर्क सेन्सर मेला तर कोड येईल, हे बरोबर. पण कोड आला म्हणून सेन्सर मेला, हे अनुमान उपाधीवर टांगलेले आहे. सेन्सरला मिळणारा पुरवठा नीट असेल, अर्थिंग नीट असेल, दोन्ही सिग्नलच्या तारा आणि त्यांचे कपलर निर्दोष असतील, कंट्रोलर स्वतः शाबूत असेल, तरच ते अनुमान टिकते. या अटी तपासल्याशिवाय काढलेला निष्कर्ष सव्यभिचार हेतूवर उभा असतो. सेन्सर बिघडलेल्या गाडीतही तो कोड सापडतो आणि सेन्सर धडधाकट असलेल्या गाडीतही सापडतो.

एक गाडी मी जवळून पाहिली आहे. देऊळघाटच्याच एका घरची लहान हॅचबॅक, पावसाळाभर गोठ्याशेजारच्या कडुनिंबाखाली उभी राहणारी. सकाळी स्टिअरिंग जड, दुपारी ऊन तापले की हलके, पुन्हा पाऊस झाला की जड, असा तिचा खेळ चालला होता. शहरातल्या एका वर्कशॉपने स्कॅनर लावला, टॉर्क सेन्सरचा कोड वाचला आणि अख्ख्या कॉलमचे अंदाजपत्रक हातात दिले. मालकाने पैशाची जुळवाजुळव सुरू केली होती. तेवढ्यात गाडी एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेली, तीही हॉर्नच्या किरकोळ कामासाठी. त्याने अंदाजपत्रक पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला तो असा : "पाणी आलं म्हंजीच जड होऊन राह्यलं का हे?"

माझ्या मते निदान त्या प्रश्नातच होते. कार्बनची पट्टी झिजलेली असेल तर ती उन्हापावसाचा इतका हिशोब ठेवत नाही. त्याने डॅशबोर्डखाली मान घातली, पायाजवळची मॅटिंग उचलून हाताने दाबून पाहिली. ती दमट होती. मग इंजिन चालू ठेवून, कपलर न काढता, मागच्या बाजूने तारेशेजारी मल्टिमीटरची टोकदार सुई सरकवली. चाकाला कुणाचा हात नाही. एका तारेवर अडीच व्होल्ट. दुसऱ्या तारेवर दोनाच्या खाली. त्याने दोन बोटांनी कपलर किंचित हलवला, तसा दुसरा आकडा उसळून अडीचपाशी गेला आणि पुन्हा घसरला. बॅटरीची तार काढून कपलर सोडवला तेव्हा एका पिनेवर मोरचुदासारखा हिरवट थर होता. काचेखालच्या पन्हाळीत कडुनिंबाचा पाला साचून पाणी तुंबत होते आणि वायरिंगच्या रबरी बुचाशेजारून आत झिरपत होते. त्याने पन्हाळ मोकळी केली, बूच बसवले, पिन कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन तिची सैल झालेली पकड सुईने घट्ट केली, कोड पुसला, आणि मालकाला शेजारी बसवून राजूर घाट उतरून चढून आला. कोड परत आला नाही.

एका दृष्टांताने सिद्धांत होत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. पण मी इथे सिद्धांत मांडत नाही, व्याप्ती, म्हणजे 'जिथे हे तिथे ते' असा नियम, मोडतो आहे. 'कोड तिथे सेन्सरचा बिघाड' ही व्याप्ती मोडायला एकच खरा अपवाद पुरतो. आणि तो काही दुर्मीळ अपवाद नव्हे. 2015 च्या मे महिन्यात फोर्ड कंपनीने उत्तर अमेरिकेतल्या चार लाखांहून जास्त गाड्या स्टिअरिंगची मदत अचानक बंद पडण्याच्या शक्यतेमुळे परत बोलावल्या. कंपनीने जाहीर केलेले कारण होते स्टिअरिंग गिअरमधली अधूनमधून तुटणारी विद्युत जोडणी. जोडणी धरून ठेवण्याची पुरती काळजी कारखान्यातही घेता आली नाही, तर आपल्याकडची धूळ, चिखल, उंदीर आणि प्रेशरने मारलेले पाणी तिचे काय करतील, याचा अंदाज बांधता येईल. सोयाबीनची पोती घरात आली की उंदीरही येतात, आणि इंजिनाच्या उबेतल्या वायरींचे आवरण त्यांना प्रिय असते. उंदराने कुरतडलेली एक तार स्कॅनरवर सेन्सर म्हणूनच दिसते.

याहून साधे कारण म्हणजे विजेची चणचण. पॉवर स्टिअरिंगची मोटर उभ्या गाडीत पूर्ण वळणाला डझनावारी अँपिअर करंट खेचते. हेडलाइट, एसीचा पंखा आणि ही मोटर एकाच वेळी चालू, बॅटरी म्हातारी, अल्टरनेटरचा पट्टा ढिला किंवा बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर पांढरी भुकटी साचलेली, असे असले की दाब कोसळतो आणि कंट्रोलर मदत काढून घेतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसायला हवेत. ते मोजायला शे-दोनशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. तरी कॉलमचे अंदाजपत्रक हातात आलेल्या किती जणांच्या बॅटरीवर हा मीटर लागलेला असतो? मोजताना स्टिअरिंग पूर्ण वळवत राहायचे, म्हणजे ताणाखाली खरे रूप दिसते. मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरे कंट्रोलरच्या अर्थिंगवर ठेवून, स्टिअरिंग वळवत असताना दोनदशांश व्होल्टहून जास्त फरक दिसला, तर दोष अर्थिंगच्या मार्गात आहे. सेन्सरचा त्यात काही अपराध नाही.

सेन्सर खरोखरच दोषी असतो, पण तो भलताच सेन्सर असतो, असेही पुष्कळदा घडते. मदत किती द्यायची हे वेगावरून ठरते, म्हणून वेगाचा सिग्नल खोटा आला की स्टिअरिंग बिघडल्यासारखे वागते. कंट्रोलरला गाडी जोरात आहे असे वाटले तर तो मदत कमी करतो. सिग्नलच नसेल तर पुष्कळ गाड्यांत तो सावध होऊन मदत आखडती घेतो किंवा बंदच करतो. हायड्रॉलिक पद्धतीच्या, पण वेगाप्रमाणे घट्ट होणाऱ्या स्टिअरिंगमध्येही हे होते. तिथे वेगाच्या सिग्नलवर तेलाचा दाब नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह चालतो. हा सिग्नल काही गाड्यांत गिअरबॉक्सवरच्या छोट्या सेन्सरकडून येतो, काहींत चाकांजवळच्या एबीएस सेन्सरकडून. काळ्या मातीच्या शेतरस्त्यावरून आलेल्या गाडीच्या चाकाआड चिखलाचा लगदा बसतो आणि वाळला की दगड होतो. सेन्सरच्या चुंबकी टोकाला लोखंडाचा कीस चिकटतो. दगड उडून तार ताणली जाते. अशा वेळी स्टिअरिंगच्या दिव्याबरोबर एबीएसचा दिवाही लागतो, किंवा स्पीडोमीटरचा काटा चालत्या गाडीत मधूनच शून्यावर पडतो. हे चिन्ह पाहिलेला माणूस कॉलमकडे वळणारच नाही. चाक काढून, सेन्सरचे टोक पुसून, तार तपासून, अगदी तो बदलावा लागला तरी कॉलमच्या किमतीच्या लहानशा वाट्यात काम होते. माझ्या मते जड स्टिअरिंगच्या प्रत्येक तक्रारीत मिस्त्रीने मालकाला विचारावे असे एकच वाक्य निवडायचे झाले, तर ते 'काटा नीट चालतो का?' हे असावे.

आणि दिवा लागलेलाच नसेल तर? तर सेन्सरचे नाव घ्यायचेही कारण नाही, निदान सुरुवातीला. पुढच्या टायरांत हवा कमी असणे, ॲलाइनमेंट बिघडणे, बॉल जॉइंट सुकून धरणे, शॉकअपच्या माथ्यावरचे बेअरिंग गंजणे, कॉलमच्या खालच्या टोकाचा यू-जॉइंट पाण्याने आवळणे, ही सगळी लोखंडाची आणि टायरची दुखणी आहेत, आणि कोणताही स्कॅनर ती दाखवत नाही. इंजिन बंद करून पुढची दोन्ही चाके जॅकवर उचलायची, खाली लाकडी ओंडके लावायचे आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचे. चाके अधांतरी असतानाही ते जड लागले, मध्ये कुठे अडले, तर दोष लोखंडात. मोकळे फिरले, तर वीज, टायर किंवा ॲलाइनमेंट. दुसऱ्या कोणत्याही चाचणीने प्रश्नाचे इतके सरळ दोन तुकडे होत नाहीत, आणि तिला लागणारी सगळी सामग्री देऊळघाटात हजर असते. भारतात अलीकडे स्टिअरिंगसाठी परत बोलावलेल्या गाड्यांतली दोन उदाहरणे पाहा. मारुती सुझुकीने जुलै 2023 मध्ये एस-प्रेसो आणि ईको मिळून 87,599 गाड्या बोलावल्या त्या टायरॉडच्या संभाव्य दोषासाठी. ऑगस्ट 2024 मध्ये ऑल्टो के10 च्या 2,555 गाड्या बोलावल्या त्या स्टिअरिंग गिअरबॉक्ससाठी. दोन्ही ठिकाणी संशयित लोखंडच होते.

एक सूचना स्कॅनरविषयीही. भारतात गाड्यांवर निदान-यंत्रणेची सक्ती आली ती धुराच्या नियमांमधून. म्हणून मोबाइलला ब्लूटूथने जोडायचे स्वस्त रीडर प्रामुख्याने इंजिनाचे, पी अक्षराने सुरू होणारे कोड वाचतात. स्टिअरिंग आणि ब्रेकचे कोड सी अक्षराचे असतात, ते या रीडरला बहुधा दिसतच नाहीत. त्यामुळे 'स्कॅनरवर काही आले नाही, म्हणजे मशीन ठीक' हे विधानही पहिल्याइतकेच पोकळ असते.

आता उसाशाकडे वळतो. जुन्या गाड्यांत सेन्सर नव्हते म्हणून त्या भरवशाच्या होत्या, हे मत भावनेला गोड वाटते. पण यंत्राला पीळ मोजायची गरज इलेक्ट्रॉनिक्सने निर्माण केलेली नाही. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगच्या रॅकमध्येही अगदी हाच टॉर्शन बार असतो. त्याला पीळ बसला की एक फिरता व्हॉल्व्ह उघडतो आणि तेलाचा दाब हव्या त्या बाजूला जातो. पीळ तेव्हा तेल ओळखत होते, आता वीज ओळखते. फ्रान्सिस डेव्हिस या अभियंत्याने 1920 च्या दशकात अमेरिकेत तेलाच्या दाबावर चालणारे स्टिअरिंग बनवले आणि 1951 मध्ये क्रायस्लरने ते प्रवासी गाडीत विक्रीला आणले. 1988 मध्ये सुझुकीच्या सर्व्हो या छोट्या गाडीत विजेची मोटर आली. छोट्या गाडीतच ती आधी का आली? कारण हायड्रॉलिक पंप पट्ट्यावर कायम फिरत राहतो आणि लहान इंजिनाची ताकद खातो. मोटर मात्र चाक वळवाल तेवढाच वेळ वीज घेते. ज्या गाडीचा मालक पेट्रोलच्या प्रत्येक लिटरचा हिशोब ठेवतो, तिच्यासाठीच ही युक्ती निघाली.

मारुती 800 चे स्टिअरिंग मदतीशिवाय हलके होते हे खरे. पण ती गाडी साडेसहाशे किलोच्या आसपासची होती आणि तिचे टायर बारा इंची, अरुंद. आजची लहान म्हणवली जाणारी गाडीही तिच्यापेक्षा कितीतरी जड, टायर रुंद, एअरबॅगा, जाड पत्रा. त्या गाडीचे हलकेपण आजच्या गाडीकडून मागायचे, तर आजच्या गाडीची सुरक्षितताही परत करावी लागेल. शिवाय हायड्रॉलिकवाले कसे विसरतात कोण जाणे, की तेलाची गळती, पंपाचे ओरडणे, पट्टा तुटणे आणि रॅकचे सील फुटणे या तक्रारी प्रत्येक गॅरेजच्या वहीत भरलेल्या असत. आणि यंत्राने आपले आपण जाणून वागणे याचे आपल्या तालुक्याला अप्रूप नाही. पैनगंगेवरच्या येळगाव धरणाचे गोडबोले दरवाजे पाण्याची पातळी वाढली की माणसाशिवाय, विजेशिवाय स्वतः उघडतात. त्या दरवाजांवर कुणी अविश्वास दाखवत नाही. कारण ते कसे उघडतात हे इथल्या लोकांना माहीत आहे. स्टिअरिंगवरचा अविश्वास हा यंत्राच्या स्वभावातून आलेला नाही, ते कसे चालते हे कुणी समजावून न सांगितल्यामुळे आलेला आहे.

समजावून का सांगितले गेले नाही, याचे उत्तर मात्र फक्त गावच्या मिस्त्रीच्या अज्ञानात शोधू नये. समशेर कटारिया यांच्या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी दिलेल्या आदेशात चौदा मोटार कंपन्यांना मिळून 2,544.65 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. ठपका असा की या कंपन्या सुटे भाग, निदानाची साधने आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांपर्यंत पोचू देत नव्हत्या. पुढे अपिले झाली, वाद न्यायाधिकरणात गेला. पण आयोगाने नोंदवलेले निरीक्षण प्रत्येक तालुक्याच्या गॅरेजात रोज अनुभवाला येते. 'इथे काही होणार नाही' हे वाक्य त्यामुळे निसर्गनियमासारखे उच्चारणे चूक आहे. औषध गावात पोचू दिले जात नाही, असे म्हटले तर ते खरे. डिसेंबर 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी जे पोर्टल सुरू केले, त्यात मोटारींचाही समावेश आहे. त्यावर माहिती किती आणि कशी येते यावर मोटार मेकॅनिकांच्या संघटनांनी, आयटीआयच्या शिक्षकांनी बारकाईने लक्ष ठेवले पाहिजे. ज्या मुलाला आयटीआयच्या दोन वर्षांत वायरिंग डायग्राम वाचायला आणि ताणाखाली व्होल्टेज मोजायला नीट शिकवले, तो वरच्या हॅचबॅकसारखे काम करू शकतो. ते निदान करायला लागले होते मल्टिमीटर, एक सुई आणि एक चांगला प्रश्न.

पण खंडन एका बाजूचेच करायचे नसते. कंपनीने लुटले म्हणून चिडलेल्या माणसाला गावात जो दुसरा सल्ला मिळतो, तो पहिल्याहून वाईट आहे. दिवा त्रास देतो म्हणून स्टिअरिंगचा फ्यूजच काढून टाकायचा. सिग्नलच्या तारेत रेझिस्टन्स घालून कंट्रोलरला फसवायचे. कॉलम फोडून टॉर्शन बारला हात घालायचा. फ्यूज काढलेली गाडी चालते, पण तिच्या स्टिअरिंगची रचना मदत गृहीत धरून केलेली असते, त्यामुळे घाटात आडव्या आलेल्या गुराला चुकवायला हाताला जे बळ लागते ते ऐनवेळी मिळत नाही. कंट्रोलरला फसवणे म्हणजे तो ज्या अपघातापासून वाचवत होता, त्याला निमंत्रण. आणि एअरबॅगच्या आसपास हात घालण्याआधी बॅटरीची तार काढून काही मिनिटे थांबणे हा नियम ज्याला ठाऊक नाही, त्याने त्या कॉलमला शिवूही नये. गाडी बंद करून पुन्हा चालू केल्यावर मदत परत येते, तेवढ्यावर समाधान मानून घाटात जाणे हाही त्याच जातीचा वेडेपणा. कोड तसाच आत असतो, आणि पुढच्या वेळी तो कुठे उगवेल हे आपल्या हातात नसते.

मग सेन्सर खरोखरच जातो का? जातो. घासणाऱ्या काट्याच्या जुन्या बनावटीत मधल्या भागातली कार्बनची पट्टी झिजते, कारण सरळ रस्त्यावर काटा सगळा वेळ तिथेच थरथरत असतो. मग चाक सरळ असताना आकडा उड्या मारतो, कधी स्टिअरिंग हातात थरथरते, कधी एका बाजूला ओढते. पुरवठा पाच व्होल्ट बरोबर, अर्थिंग बरोबर, तारा सलग, कपलर स्वच्छ, आणि तरीही चाक हळूहळू फिरवताना एक आकडा मध्येच तुटतो, असे दिसले की सेन्सरवरचा आळ सिद्ध झाला. नव्या गाड्यांत सिग्नल डिजिटल असतो, तो साध्या मल्टिमीटरवर वाचता येत नाही. तिथे स्कॅनरवरचा चालू आकडा पाहावा लागतो. एवढे झाल्यावर कॉलम बदलायला माझी हरकत नाही, कंपनीत बदलायलाही नाही.

फक्त मालकाने वर्कशॉपकडून चार गोष्टी लेखी मागून घ्याव्यात : कोडचा पूर्ण क्रमांक, ताणाखालचे बॅटरीचे व्होल्टेज, वायरिंग तपासल्याची नोंद आणि काढलेला जुना भाग. नवा कॉलम बसवल्यावर शून्यबिंदूचे कॅलिब्रेशन केले का, हे विचारावे आणि स्वतः पारखावे. इंजिन चालू, गाडी सपाट जागी उभी, टायरांत हवा नेमकी. चाक डावीकडे शेवटपर्यंत न्यावे, मग उजवीकडे. दोन्हीकडे जोर सारखा लागायला हवा. मग मोकळ्या सरळ रस्त्यावर बेताच्या वेगात चाकावरची पकड क्षणभर सैल करावी. गाडी सरळ राहिली पाहिजे, आणि वळणानंतर चाक आपसूक मध्यावर परतले पाहिजे. यातले काहीही चुकले, तर सही न करता गाडी तिथेच सोडावी आणि कॅलिब्रेशन पुन्हा करून घ्यावे.